साडेतीनशे किलोमीटर, हवेतून

मुंबई ते सिंधुदुर्ग किती लांब, असे संगणकाला विचारले तर तो क्षणाचीही उसंत न घेता सांगतो: सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर, विमानाने पाऊण ते एक तास. उत्तर चोख असते. या मार्गावर त्या दिवशी विमान आहे की नाही, एवढी एक किरकोळ बाब सोडली तर नाव ठेवायला जागा नाही. पृथ्वी गोल आहे, दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठाऊक आहेत, विमानाचा वेग ठरलेला आहे. भागाकार करायचा, चढण्या-उतरण्याची थोडी मिनिटे वर टाकायची, झाले. याच आत्मविश्वासाने तो आंबोली ते अंटार्क्टिका अशा विमानाची वेळही सांगेल, आणि आंबोलीत विमान उभे कुठे करायचे हा प्रश्न वैमानिकावर सोपवून मोकळा होईल.

शिवाय त्याच्या लेखी प्रश्नच मुळात ‘दोन शहरांमधले अंतर’ असा असतो. एका टोकाला मुंबई हे शहर आहे, हे मान्य. दुसऱ्या टोकाला शहर कुठे आहे? सिंधुदुर्ग हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा निघालेला जिल्हा. त्याचे मुख्यालय ओरोसला. त्या वसाहतीला सिंधुदुर्गनगरी म्हणतात, पण कचेऱ्या सुटल्यावर ही नगरी इतकी शांत होते की कुत्रीसुद्धा दबकून भुंकतात. ज्या किल्ल्यावरून जिल्ह्याला नाव मिळाले तो मालवणसमोर समुद्रात, कुरटे बेटावर. ‘सिंधुदुर्ग’ नावाचे रेल्वे स्टेशन ओरोसजवळ, किनाऱ्यापासून चांगलेच आत. आणि ‘सिंधुदुर्ग’ नावाचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात, परुळे-चिपीच्या सड्यावर. एकाच नावाची तीन ठिकाणे, तीन दिशांना. पुण्या-नाशकाकडचा एखादा पर्यटक सिंधुदुर्ग स्टेशनवर उतरून, गळ्यातला कॅमेरा सावरत, “किल्ला कुठल्या बाजूला?” असे विचारतो तेव्हा रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, ते कुठल्याही अंतराच्या तक्त्यात बसणारे नाही.

तर विमानाचा वेळ. चिपीला येणारे विमान ‘एटीआर ७२’ जातीचे, पंख्यांचे, सत्तरेक माणसांचे. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास चालणारे. म्हणजे ३५० किलोमीटरला चाळीस-बेचाळीस मिनिटे पुरे. पण वेळापत्रकात मात्र जवळजवळ दीड तास लिहिलेला असे. वरची मिनिटे जातात कुठे? ती मुंबईतच खर्च होतात. विमान कंपनीचे घड्याळ चाकांखालचे ठोकळे काढल्यावर सुरू होते आणि पलीकडे ठोकळे पुन्हा लावले की थांबते. मधल्या वेळात विमान धावपट्टीकडे सरकते, पुढच्या विमानांच्या मागे उभे राहते, परतीला तर कधी मुंबईच्या डोक्यावर घिरट्या घालत आपला नंबर येण्याची वाट बघते. मुंबईकराला हे सगळे नवे नाही. फक्त एरवी रांगेत उभे असताना कमरेला पट्टा बांधलेला नसतो.

आता हे घड्याळ विमान कंपनीचे. चाकरमान्याचे घड्याळ निराळे. परळ-लालबागच्या चाळींतून चाकरमानी केव्हाच उठला आणि डोंबिवली, दिवा, नालासोपारा असे करत पसरला. त्याने पहाटे डोंबिवलीच्या बिल्डिंगीचा जिना उतरायचा, दीड-दोन तासांनी विमानतळ गाठायचा, तिथे दोन तास आधी पोचायचे, मग ते दीड तासाचे विमान, मग सामानाच्या पट्ट्याकडे टक लावून बसणे, मग चिपीहून गावापर्यंतची गाडी. बेरीज केली तर सहा-सात तास होतात. तेवढ्यात वंदे भारतने पहाटे निघालेला माणूस कणकवलीला उतरून, घरी जाऊन, जेवून, ओटीवर आडवाही झालेला असतो. विमानाने प्रवासातला नेमका तोच भाग आखडता केला जो फारसा लांब नव्हता. बाकीचा आहे तिथेच आहे, आणि तो बहुतेक करून डोंबिवली ते अंधेरीच्या दरम्यान आहे.

माझी काकी मालवणजवळच्या गावात राहते. तिचे घड्याळ या दोन्हींपेक्षा कडक. चिपीला विमान टेकले की उत्साहाने फोन करावा, “काकी, पोचलो.”

“खय पोचलस?”

“चिपीक. अजून बाहेर पडतंय.”

“मगे पोचलंय म्हणान कित्याक सांगतस?”

तिच्या मते माणूस पोचतो तो खळ्यात पाय ठेवून, हातपाय धुऊन, चहाची कपबशी हातात आल्यावर. तोवर तो वाटेत असतो. मला ही व्याख्या वैमानिकांच्या ठोकळ्यांपेक्षा शास्त्रशुद्ध वाटते. आणि तिला तसा इतिहासही आहे.

आगबोटींचा काळ काकीने तरुणपणी पाहिलेला. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची आणि रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड करत मालवण, वेंगुर्ला, पुढे पणजी. दिवस आणि रात्र मिळून हा प्रवास. पण त्यातला खरा अवघड टप्पा शेवटच्या मैलाचा असे. मालवणच्या समुद्रात खडकांची रांग पसरलेली, त्यामुळे बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव निघत. वर बोटीची शिडी हलते आहे, खाली पडाव हिंदकळतो आहे, आणि त्या दोघांचे एका क्षणापुरते एकमत होईल तेव्हा मधल्या माणसाने उडी मारायची. आधी ट्रंका उतरत, मग पोरे हातोहात, मग बायका, आणि शेवटी बोट लागल्याने हिरवेनिळे झालेले पुरुष, जे गावभर सांगत की आपल्याला काही झाले नाही. त्या अवस्थेत किनारा दिसत असे. माडांची रांग दिसे, देवळाचा कळस दिसे. डोळ्यांनी माणूस घरी पोचलेला असे. बाकीचा देह मात्र पडाववाल्याच्या मर्जीवर.

पाऊस लागला की बोटी बंद. मग कोकणचा माणूस कोकणात जाण्यासाठी आधी कोल्हापूर गाठी आणि तिथून घाट उतरे. नकाशावर बघा, दक्षिणेच्या गावाला जायला आधी पूर्वेला सरकायचे आणि मग पुन्हा समुद्राकडे वळायचे. सरळ रेषा ही गोष्ट कोकणाला कधी फारशी मानवली नाही.

आणि गावाहून माणूस मुंबईला परतला की तो पोचला असे घरचे धरत नसत. तो पोचे पोचल्याचे कार्ड गावाला आल्यावर. रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या दिवशी, सहाशेंवर माणसे घेऊन बुडाली. त्यानंतर किनाऱ्यावरच्या पिढ्यांनी ‘पोचेल आता’ आणि ‘पोचला’ यांत नेहमी भेद केला. प्रवास एका दिवसाचा, कार्डाला लागत चार-पाच दिवस. म्हणजे हिशेबाने मालवण-मुंबई हा तेव्हा आठवड्याभराचा प्रवास होता आणि त्यातले बहुतेक दिवस प्रवास करणारा माणूस आपल्या खोलीत निवांत झोपलेला असे. काकीच्या त्या उलटतपासणीचे मूळ हे असावे, अशी माझी समजूत आहे. नसेल तर तिला मुळातच विमानाचा राग असेल.

कोकण रेल्वेने या सगळ्याचा नूरच पालटला. २६ जानेवारी १९९८ला रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग सबंध खुला झाला आणि मुंबईला निघायचे म्हणजे आदल्या रात्रीपासून पोटात येणारा गोळा नाहीसा झाला. पण अंतराच्या बाबतीत या रेल्वेनेही आपले काही स्वतंत्र विचार मांडलेच. एक म्हणजे तिचे भाडे. हा मार्ग डोंगर पोखरून, दऱ्यांवर पूल बांधून, कर्ज काढून केलेला. तो खर्च भरून यावा म्हणून तिकिटाच्या हिशेबात अंतर फुगवून धरायची पद्धत पडली. प्रवाशांसाठी ४० टक्के. जमिनीवर शंभर किलोमीटर गेलात की तिकिटावर एकशे चाळीस. गावातल्या एका निवृत्त मास्तरांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आम्ही समजतो त्यापेक्षा आमचो गाव खूपच लांब आसा.” त्यांच्या स्वरात तक्रार होती की अभिमान, हे मला ठरवता आले नाही.

दुसरे म्हणजे पावसाळी वेळापत्रक. कितीतरी वर्षे १० जूनला ते लागू व्हायचे आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत चालायचे. अलीकडे हा काळ थोडा आखडला आहे. दरडी कोसळतात, कटिंगमधून पाणी येते, म्हणून गाड्या हळू चालवतात. कारण रास्तच आहे. पण परिणाम असा की जूनच्या एका ठरावीक मध्यरात्री बारा वाजता कुडाळ मुंबईपासून दीड-दोन तास लांब जाते आणि पावसाळा सरला की तसेच एका रात्रीत परत जवळ येते. मग एकेरी मार्गावरचे क्रॉसिंग. तुतारी एक्स्प्रेससारखी गाडी कुठल्यातरी छोट्या स्टेशनात उभी राहते, पंखे थांबल्यासारखे वाटतात, आणि अख्खा डबा एकमेकांना “क्रॉसिंग आसा” असे सांगून धीर देतो. समोरून गाडी धडधडत गेली की सगळ्यांना मनापासून आनंद होतो. आपल्यामुळे कोणीतरी वेळेवर पोचणार, याचा हा आनंद असतो की काय कोण जाणे.

मग आकाशमार्ग. चिपीच्या विमानतळाची चर्चा नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे सुरू झाली. त्यानंतर जमीन, परवानग्या, निविदा, पाणी, रस्ता, वीज, सरकारे. सड्याच्या कातळावर तोवर गुरे चरत होती आणि घोषणांच्या आवाजाला ती सरावली होती. अखेर अडीच किलोमीटरची धावपट्टी तयार झाली आणि सप्टेंबर २०१८मध्ये, चतुर्थीच्या तोंडावर, चाचणीचे पहिले विमान उतरले ते गणपतीची मूर्ती घेऊन. हे अगदी यथायोग्य झाले. कोकणात गणपतीच्या आधी कोण येणार? शिवाय त्यांना आरक्षण लागत नाही, सामानाची मर्यादा नाही आणि शेजारच्या आसनाखालचा उंदीर हे त्यांचे स्वतःचे वाहन.

माणसांचे विमान आले ९ ऑक्टोबर २०२१ला. उद्घाटनाच्या व्यासपीठावर त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे दोघेही होते. खुर्च्यांमधले अंतर काही फुटांचे असेल, पण ते खरे किती आहे हे त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसून मोजत होता. ‘उडान’ योजनेतले तिकीट अडीच हजारांच्या आसपास. सुरुवातीचे दिवस तर लोक नुसते विमान बघायला सड्यावर जात. वडे-भजी घेऊन बसत. विमान दिसले की पोरे ओरडत आणि म्हातारी माणसे हात जोडत. नेमके कोणाला ते विचारू नये. पण पहिल्या घोषणेपासून पहिल्या उड्डाणापर्यंत दोन दशके गेली, आणि तीन वर्षांनी, २०२४च्या अखेरीस, ती मुंबईची सेवा बंद पडली. चिपीहून पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला विमाने सुरू झालेली होती. म्हणजे त्या दिवसांत मालवणचा माणूस हैदराबादच्या जितका जवळ होता तितका मुंबईच्या नव्हता. निदान हवेतून.

मधल्या काळात शेजारच्या गोव्यात, पेडणे तालुक्यात, मोपाचा विमानतळ झाला. ५ जानेवारी २०२३पासून तिथे विमाने उतरू लागली. सावंतवाडी-बांद्याच्या लोकांना तो घरच्याइतका जवळ. मालवणच्या माणसाचे मात्र असे होते की तो मुंबईहून विमानात बसतो, विमान सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वरून जाते, हवा स्वच्छ असेल आणि उजवीकडची खिडकी मिळाली असेल तर किनाऱ्याची पांढरी रेघही दिसते. आपले गाव अमुकच, असे तो शेजाऱ्याला बोटाने दाखवतो. शेजारी मान डोलावतो. आणि गाव मागे पडते. मग परराज्यात उतरायचे आणि गाडी करून मागे यायचे. टॅक्सीवाला भाडे सांगतो तेव्हा विमानाचे तिकीट स्वस्त वाटायला लागते. विमान कंपन्यांसाठी ही जाहिरात फुकटात होते.

मला मात्र या सगळ्या लांबच्या अंतरांपेक्षा जवळची अंतरे जास्त चकवतात. देवबागच्या टोकाला उभे राहिले की कर्ली नदी समुद्राला मिळते ते दिसते आणि पाण्यापलीकडे भोगवे. त्याच बाजूला थोडे आत परुळे-चिपी. मालवणहून विमानतळ सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटर. रस्त्याने चौके, धामापूर, नेरूरपारचा पूल असे करत जावे तर त्याच्या दुपटीहून जास्त. मधे नदी आहे आणि नदीला आपल्या घाईशी काही घेणे-देणे नाही. आणि सिंधुदुर्ग किल्ला? २५ नोव्हेंबर १६६४ला ज्याचा पाया घातला गेला, तो मालवणच्या जेटीवरून इतका समोर दिसतो की माणसे तटावर वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग ओळखतात. होडीने दहा-पंधरा मिनिटे. पण मे महिन्याच्या शेवटाला होड्या बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. किल्ल्यात वस्ती आहे. तिथली माणसे तांदूळ, डाळ, रॉकेल, औषधे आधीच भरून ठेवतात आणि पावसाळाभर समोरचे मालवण बघत राहतात. दहा-पंधरा मिनिटांचे अंतर, आणि ओलांडायला तीन महिने. संगणकाला हे विचारले तर तो पुन्हा भागाकार करील आणि विमानाने अर्धे मिनिट म्हणून सांगेल.

गावात अंतर विचारायचीही एक खोड आहे, ती बाहेरच्या माणसाने सांभाळून घ्यावी. “धामापूरचे तळे किती लांब?” असे विचारले की उत्तर ठरलेले, “हय तर आसा!” हे ‘हय तर आसा’ अर्ध्या किलोमीटरपासून अकरा किलोमीटरपर्यंत कुठेही असू शकते. सांगणारा खोटे बोलत नसतो. तो तिथे नेहमी जातो, त्याची बहीण तिथे दिली आहे, म्हणून ते जवळ आहे. उलट, ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्याचे घर शेजारच्याच वाडीत असले तरी, “ता लांब पडता.” या पद्धतीत एक सोय अशी की नवा महामार्ग झाला तरी आकडे बदलावे लागत नाहीत. आणि आमच्या महामार्गाच्या चौपदरीकरणाचा वेग पाहता, ही सोय अजून बरीच वर्षे उपयोगी पडेल.

मुंबईचे विमान सुरू होते त्या काळात मी एकदा मे महिन्यात परत निघालो. काकी आदल्या रात्रीपासून सामान बांधत होती. मी तिला सांगितले की पंधरा किलोच न्यायला देतात. तिने विचारले, “दरेक पिशयेक?” मी म्हटले, सगळे मिळून. तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच विमान कंपनीचा मालक. मग एकेक वस्तू पंचायतीपुढे आली. कोकमाचे आगळ: बाटली हातातल्या पिशवीतून चालत नाही, शंभर मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ काढून घेतात. “शंभर म्हणजे किती?” मी दाखवले. “तेवढ्यात सोलकढी व्हता?” सुके खोबरे: तेही नेता येत नाही, पेट घेऊ शकते म्हणून मनाई आहे. हे ऐकून ती खरोखर हसली. आयुष्यभर माळ्यावर खोबरे वाळवलेल्या बाईला खोबरे स्फोटक आहे, असे सांगणारा माणूस शहरात जाऊन वेडा झाला असणार. सुके बांगडे: चालतील, पण घट्ट बांधून, वास येता कामा नये. “वास नाय तर बांगडो कसलो?” कुळथाचे पीठ आणि तांदळाचे वडे पास झाले. मालवणी मसाला पास झाला, पण दोनदा पिशवीत घालून.

शेवटी ओटीच्या कोपऱ्यात ठेवलेला फणस तिने पुढे ओढला. कापा, चांगला बारा-तेरा किलोचा, काटे फाकलेला. दोघेही त्याच्याकडे बघत राहिलो. मी वजनाचा हिशेब सांगायला तोंड उघडले तोच तिने हात केला. “विमानात फणस खय ठेवतलस? मांडयेर?”

मी गप्प.

“तुका घाई आसा मां, मगे तू जा विमानान,” ती म्हणाली आणि फणस परत कोपऱ्यात सारला. “फणस येतलो तुतारीन.”